दोन स्कॅन आणि मंगळवारचा बाक

सकाळचे साडेसात. मंगळवार. चंडीगडमधल्या एका हॉस्पिटलचा तळमजला, मेमरी क्लिनिकबाहेरचा लाकडी बाक.

पस्तीस वर्षं रिपोर्टिंग केलं, तेव्हा किस्से मिळवायला पळावं लागायचं. या बाकावर नुसतं बसलं तरी ते साठत जातात. इथे दोघं-दोघं येतात. एक जण विसरतो, दुसऱ्याला सगळं लक्षात ठेवावं लागतं. आमच्यात दुसरा मी. पहिली सुलभा, माझी बायको, शाळेतून रिटायर झालेली गणिताची शिक्षिका.

*

सुरुवात झाली गोलचौकात. सेक्टर २२ मधून भाजी घेऊन निघालेल्या सुलभाने एका चौकाला गाडीने तीन फेऱ्या मारल्या आणि भलताच रस्ता धरला. घरी येऊन म्हणाली, "इथले सगळे चौक सारखेच दिसतात."

खरंच दिसतात. शेजारणीने मान डोलावली, मुलीने डोलावली, मीही डोलावली. दुसऱ्या शहरात आम्ही त्याच दिवशी घाबरलो असतो. इथे तिचा आजार वर्षभर चौकांच्या नावावर खपला.

*

बाकावर आमच्या शेजारी एक सरदारजी असायचे, नगररचना ऑफिसातून रिटायर झालेले. एकदा नव्या ज्युनियर डॉक्टरने त्यांना वीसपासून उलटे आकडे मोजायला लावले. दार उघडंच होतं. "पंद्रह, चौदह, बारह, ग्यारह." डॉक्टरने कागदावर फुली मारली.

मी तडक आत. "अहो, या शहराच्या मूळ नकाशात तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता. यांनी आयुष्यभर तोच नकाशा वापरलाय. फुली कसली मारता?"

ज्युनियर गोंधळला. सरदारजींनी माझा हात धरला. "बैठ जाओ जी, पत्रकार साहब. मैं सचमुच भूल गया था."

*

मग सुलभाच्या स्कॅनचा दिवस. एक एमआरआय, एक पेट स्कॅन, आणि नंतर दोन्हींची मिळून एक प्रतिमा. पेटसाठी उपाशीपोटी साखरेसारख्या औषधाचं इंजेक्शन घ्यायचं, मग अंधाऱ्या खोलीत अर्धा तास पडून राहायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही. टेक्निशियन गुरमीतने समजावलं, की बोललं तर मेंदूचा तो भाग जास्त साखर खातो आणि चित्र बिघडतं.

मी विचारलं, हा नियम लिहिलाय कुठे? दाखवला. मी विचारलं, अर्धा तासच का? त्याचंही उत्तर दिलं. तिसऱ्या प्रश्नाला गुरमीतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल जी, तुसी बाहर."

मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेतून मला कुणी काढू शकलं नव्हतं. आतून सुलभाचा आवाज आला, "या पोराला पेढे द्या कुणीतरी." तेवढं बोलली आणि गप्प झाली. त्या पोराचे आभार मी आजही मानतो.

*

रिपोर्ट समजावला डॉ. मोहोड यांनी. मूळच्या अमरावतीच्या. आम्ही मराठी आहोत कळल्यापासून आमच्याशी मराठीतच बोलायच्या.

एमआरआयमध्ये मेंदूचा आकार दिसतो. पेटमध्ये कुठला भाग किती काम करतोय ते दिसतं. सुलभाच्या एमआरआयमधला बदल इतका बारीक, की वयावर ढकलता आला असता. दुसऱ्यात एक जागा अंधुक, पण ती नेमकी कुठली, ते नीट सांगता येईना. दोन्ही एकावर एक ठेवल्यावर बोट ठेवता आलं.

"म्हणजे घटना एक आणि साक्षीदार दोन," मी म्हणालो.

"हो काका. आणि दोघांची जबानी जुळली. अजून एक तपासणी करू, पण मला तरी ही अल्झायमरची सुरुवातच वाटते."

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी थांबवलं. "काका, तुम्ही काऊन मधात बोलता? काकूंना विचारू द्या."

सुलभाने शिक्षिकेसारखं विचारलं, "माझ्याकडे शिल्लक किती आहे?"

"बरंच आहे, काकू. लवकर सापडलंय."

पुढची तपासणीही तेच म्हणाली. गाडीची किल्ली सुलभाने स्वतः माझ्या हातात दिली. कुठल्या उपचाराला हो, कुठल्याला नाही, हे तिने स्वतः ठरवलं, स्वतःच्या सहीने लिहून ठेवलं. भांडणं हाच माझा धंदा होता, पण सुलभाला आधी विचारू देणाऱ्या या डॉक्टर बाईंपुढे मी हात जोडतो.

*

रिपोर्ट समजावला त्याच दिवशी डॉ. मोहोड म्हणाल्या, जुना एखादा स्कॅन असेल तर आणा, तुलना करू. होता. क्लिनिकला यायच्या आठ महिने आधी, डोकं दुखायचं म्हणून, एका खासगी सेंटरमध्ये एमआरआय केला होता. "वयानुसार सर्व ठीक," असं म्हणून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं होतं.

पुढच्या मंगळवारी गुरमीतने जुनी फिल्म लाइटवर लावली, शेजारी नवी. बराच वेळ बघत राहिला. मग डॉक्टर बाईंना बोलावलं. बाईंनी चष्मा पुसला.

"काकू, तुमच्या डोक्याचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

"कधीच नाही."

जुन्या फिल्ममध्ये कवटीला उजव्या बाजूला ऑपरेशनचं गोल भोक होतं, नव्या फिल्ममध्ये नव्हतं. फिल्मवर नाव सुलभाचं. वय बरोबर, तारीख बरोबर.

सेंटरला मी चार पत्रं लिहिली, तीनदा स्वतः गेलो. त्या दिवशी सुलभाची फिल्म हातात घेऊन घरी कोण गेलं, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.