बिजलीघरासाठी दोन दरख्वास्ती

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या काही वर्षांत परभणीत आमच्या गल्लीत बिजली येणार असं ठरलं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत चौथीत होते. शाळा आमच्या घराला लागूनच होती. दोन खोल्या, एक आड आणि मागे पडीक जागा. इंजिन कुठं बसवायचं, यासाठी सरकारी माणसं जागा बघत फिरत होती. इंजिन काय करतं हे मात्र आमच्याकडं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला गल्लीचा समज असा, की इंजिनाजवळच्या घराला उजेड जास्त मिळणार. माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. ते म्हणाले, "लांबच्या घरापत्तोर जाईस्तोवर उजेड निम्मा ऱ्हातोय." मग कर्त्या पुरुषांनी मिळून दरख्वास्त दिली, की इंजिन शाळेमागं बसवावं. अर्ज उर्दूतच द्यावा लागे. कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसानं तो लिहिला आणि सगळ्यांनी खाली मोडीत सह्या केल्या. वर काय लिहिलंय हे वाचता येणारा त्यांच्यात एकही नव्हता.

पुढच्या आठवड्यात शेजारचा किराणावाला नांदेडला जाऊन आला. तिथं त्यानं असलं इंजिन पाहिलं होतं.

"आरं, भिंत हालतीया! माठातलं पानी नाचायलंय. अन् कुठली कुठली माणसं तेलानं काळी होऊन फिरायलीत."

त्याच संध्याकाळी वडिलांनी जेवताना सांगून टाकलं, "इंजिन शाळेमागं आलं, तर पोरीची शाळा बंद. तसल्या माणसांच्या म्होरून पोरी न्हाई धाडायच्या."

माझी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. पहिल्या अर्जावर सही यांचीच, मग शाळा माझी का बंद, हे मला कळेना. विचारायची सोय नव्हती.

दुसरी दरख्वास्त गेली. इंजिन शाळेपासून दूर न्यावं. तोच अर्जनवीस आणि त्याच सह्या. पहिली परत घ्यावी लागते हे कुणाला सुचलंच नाही. आईनं विचारलं, तर वडील म्हणाले, "नवी दिली की जुनी आपसूक मोडती."

मग एके दिवशी बिजलीच्या कामावरचा सरकारी ओव्हरसियर आला. त्याच्या माणसांनी शाळेच्या मागच्या भिंतीलगत खुंट्या ठोकल्या आणि चुन्याची रेघ ओढली. वडील तडक शाळेत गेले, माझं नाव काढा असं बाईंना सांगून आले आणि मग गर्दीत जाऊन उभे राहिले. मी आणि आई आमच्या परसदाराआड होतो.

ओव्हरसियरनं दोन्ही कागद काढले. "ये दस्तखत किसके?"

"माझीच हाय," वडील म्हणाले.

"और ये?"

"ती बी माझीच."

"फिर तुमकू होना क्या? नजदीक होना, के दूर होना?"

किराणावाला मध्ये पडला, "साहेब, उजेड जवळ अन् इंजिन दूर."

"तो इंजन मेरे सर पे रखूँ क्या?"

सगळे हसले. वडील हसले नाहीत. ओव्हरसियर म्हणाला, की अर्जाचा प्रश्नच नाही, इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं आणि सरकारी आड इथंच आहे. आडाचा विचार कुणीच केला नव्हता.

आई दारामागून म्हणाली, "आवं, त्येला इचारा, ते दिवसा चालनार का रातीला?"

वडिलांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. आईनं आवाज चढवला. तो ओव्हरसियरपर्यंत पोचला.

"दिन को कायकू? दिन को सूरज है ना. मगरिब के वक्त चालू करते."

मगरिब म्हणजे दिवस मावळताना. शाळा चारला सुटत असे. इतक्या माणसांत हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "पन ती माणसं दिवसा तिथंच ऱ्हायची."

"रातभर जागल्यावर दिवसा झोपतील," आई म्हणाली. "तुमी तर रातभर झोपूनबी दुकानात पेंगता."

शाळा चालू की बंद, ते काही वडिलांनी सांगितलं नाही. सकाळी मी पाटी घेऊन वडिलांपुढं उभी राहिले. "दादा, जाऊ का?"

"मला काय इचारतीस? तुझ्या मायला इचार."

आई गोठ्यात होती. मी तिला विचारायला गेले नाही, थेट शाळेत गेले. वर्गात निम्म्या मुली नव्हत्या. बाईंनी हजेरीपट उघडला आणि माझ्याकडं बघितलं.

"काल तुझे वडील नाव काढा म्हणून सांगून गेले. आज तू आलीस. काढायचं का ठेवायचं?"

वडिलांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना तरी होतं की नाही, शंकाच आहे.

"ठेवा म्हणलेत," मी म्हणाले.

बाईंनी नाव पुकारलं आणि मी हजेरी दिली.