कळपाचा पत्ता

बीडच्या ग्राहक आयोगात मी वकिली करते. तडजोडीचं नाव काढलं की अशिलाचा चेहरा खुलतो, हा माझा अनुभव. रतनबाई मात्र माझ्यावरच डाफरल्या.

रतनबाई आणि त्यांचे यजमान म्हाळू चकलांब्याचे मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कळपामागं निघायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, असा त्यांचा संसार. गेल्या उन्हाळ्यात माजलगावच्या पुढं वादळात वीज पडली आणि झाडाखाली दाटलेली निम्मी मेंढरं जागीच गेली. विमा होता, पण कंपनीनं हात वर केले. पॉलिसीतल्या गावातच जनावर मेलं तर भरपाई, अशी अट; पॉलिसीत गाव चकलांबा, मेंढरं मेली दुसरीकडं!

"अट आमची नाही," कंपनीचे वकील म्हणाले. "आमची जोखीम परदेशातली मोठी कंपनी उचलते. अट तिची."

विमाधंद्यात परदेशी पैशाला दारं सताड उघडल्यापासून हे उत्तर मी फार ऐकते. तिकडच्या साहेबाला मेंढरू गोठ्यात बसून वाढतं असं वाटलं, तर त्याला काय बोलणार? पण इथल्यांना सगळं ठाऊक होतं, याचा मला संताप आला.

सुनावणीआधी कंपनीनं अर्धी भरपाई देऊ केली. मी म्हटलं, घेऊन टाका.

"आन ती अट?" रतनबाईंनी विचारलं.

"ती राहणारच."

"मंग कशाला घिऊ? माज्या मागं सोमनाथचा कळप हाय, साखराबाईचा हाय. त्यांची मेंढरं काय घरी बसून चरत्यात? न्हाई घेणार, वकीलबाई."

मी कपाळाला हात लावला आणि साक्षीदार शोधायला लागले.

विमा उतरवताना मेंढरांच्या कानात बिल्ले मारतात. ते चकलांब्यातच मारले, असं कंपनीचं म्हणणं. रतनबाई म्हणाल्या, छे, तेलगावला, सुंदररावांच्या रानात. तसं असेल तर कळप फिरता आहे हे कंपनीनं तेव्हाच पाहिलं होतं. पीक निघालेल्या रानात शेतकरी रात्री मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं. पण सुंदरराव मोठे बागायतदार, आणि त्यांचं रतनबाईंशी वाकडं. मला काडीची आशा नव्हती.

पण ते कडक इस्त्रीत साक्षीला आले.

"खतासाठी म्याच मेंढरं बसिवली होती. ह्या कंपनीचा मानूस तितंच आला, बिल्ले मारले, माज्या घरचा च्या पिला. गाव तवाच इचारायचं की!"

कंपनीच्या वकिलांनी चिमटा काढला, "तुमचं या बाईंशी भांडण आहे ना?"

"हाय की. माजा हरबरा खाल्लाय तिच्या मेंढरांनी. म्हनून काय खोटं बोलू?"

त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

निकाल लागला. पूर्ण भरपाई, आणि चरत्या कळपाला ती अट लावता येणार नाही. कंपनीनं अपिलाची भाषा केली, पण निकालाची प्रत घेऊन जिल्ह्यातले मेंढपाळ एकामागून एक कंपनीच्या दारात उभे राहिले, तशी परदेशी कंपनीही नमली. यंदाच्या पॉलिसीत नवं वाक्य आलं.

मी आयोगाच्या आवारातूनच रतनबाईंना फोन लावला. त्या कळपाबरोबर वाटेवर होत्या. वाचून दाखवलं, "कळप राज्यात जिथे असेल, तिथे विमा लागू राहील."

"थांबा, सोमनाथला ऐकवा," त्या म्हणाल्या. मग फोन साखराबाईंकडं गेला. दर वेळी मी तेच वाक्य वाचलं, दर वेळी पलीकडचा आरडाओरडा वाढला, आणि शेवटी काळा कोट घालून भर आवारात मीही ओरडले.