मला जाब विचारणारं कुणीतरी हवं

शेवटची भेटले तेव्हा इंदू भांडत होती. पुण्याच्या इस्पितळात, उशीला टेकून, आवाज पार खोल गेलेला, तरी भांडत होती. शेजारच्या खाटेवरच्या आजींना कमी ऐकू यायचं आणि एक तरुण डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून ओरडत होता. इंदू म्हणाली, "डॉक्टर, ओरडून उपयोग नाही. समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला." तो वैतागला. "तुम्ही कोण?" "पेशंट. पण हेच शिकलेली पेशंट." बिचारा समोर आला, सावकाश बोलला, आणि आजींनी लगेच सांगितलं, "डाव्या कुशीला दुखतंय, बाळा, कवाधरनं सांगतेय." इंदूनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिचं स्वतःचंच दुखणं बरं झालंय... त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना तिचा भाऊ दारात आला. त्यानं काही सांगायच्या आधीच मला कळलं. इंदू कांबळे गेली होती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात आणि म्हणतात, फार शांत बाई होत्या हो. मला हसू येतं. शांत? इंदू?

आम्ही दोघी पिंपरीतल्याच, कामगारांच्या चाळीतल्या. तिचे वडील औषधांच्या कारखान्यात, माझे लोखंडाच्या. तेव्हा या पट्ट्यात रोज एक नवं पत्र्याचं छप्पर उभं राहत होतं आणि शिफ्टचा भोंगा हेच आमचं घड्याळ होतं. मी शिक्षिका झाले. ती मुंबईला गेली आणि असं काही शिकून आली की तिच्या आईला शेजाऱ्यांना सांगताही येईना. "कानाचं आणि बोलण्याचं," ती माउली म्हणायची. "म्हणजे डॉक्टर?" "न्हाई." "मग नर्स?" "न्हाई वो." मुलांना किती ऐकू येतं ते मोजायचं, कुणाला कोणतं मशीन चालेल ते ठरवायचं, जी मुलं ऐकूच न आल्यामुळे बोलत नाहीत त्यांना बोलायला शिकवायचं, हे काम आहे आणि त्यासाठी कॉलेजात वर्षं घालवावी लागतात, हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. मुंबईत तिला चांगली नोकरी मिळत होती. ती परत आली, स्टेशनजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी लावली, वाचा व श्रवण केंद्र. लोक तिला कानाची बाई म्हणू लागले. प्रेस शॉपमधले, दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या आवाजात उभे राहणारे कामगार यायचे. बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही म्हणून घरात भांडणं होऊ लागली की मग त्यांना कान आठवायचे.

तिच्या आयुष्याला वळण दिलं ते मोशीच्या शोभानं. शोभाची आई पार्वतीबाई. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपात, घरची थोडी शेती इंद्रायणीकाठी. पोर चार वर्षांची झाली तरी हाकेला वळत नव्हती. चिंचवडच्या एका लॉजवर दर महिन्याला एक गृहस्थ मुक्कामाला यायचा. टाय, कातडी बॅग, आणि हँडबिलावर नावापुढे 'कर्णतज्ज्ञ'. त्यानं शोभाच्या कानामागे दोनदा टाळ्या वाजवल्या, खिशात ठेवायचं एक मशीन तिच्या गळ्यात अडकवलं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि सांगितलं, रडेल, पण सवय होईल. शोभा रडली. रोज रडली. कानात फोड आले. शेवटी पार्वतीबाई तिला कडेवर घेऊन इंदूकडे आल्या. मी त्या दिवशी तिथे होते. इंदूनं कानाला लावायचा हेडफोन नुसता हातात घेतला, तर पोर किंचाळून टेबलाखाली गेली. इंदू तिच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसली. बराच वेळ दोघी तिथेच. पुढे कित्येक दिवसांनी चाचणी झाली तेव्हा कळलं की पोरीला थोडंफार ऐकू येत होतं. तेवढ्या उरलेल्या ऐकण्याला त्या मशीनचा आवाज म्हणजे रोजचा मार होता. असलेला कान त्यात किती गेला, हे सांगायला आधीची चाचणीच नव्हती.

"पोलिसात चल," इंदू मला म्हणाली. चौकीतले साहेब सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, कोणत्या कलमाखाली घेऊ? त्यानं औषध दिलं नाही, कापाकापी केली नाही. वस्तू विकली." इंदू म्हणाली, "साहेब, रिक्षावाल्याला बिल्ला लागतो. भेळेच्या गाडीला परवाना लागतो. आणि पोरीच्या कानात काहीही घालायला कुणालाच काही लागत नाही?" साहेबांनी मान हलवली. "नाही लागत. खरंच नाही लागत."

पुढे जे झालं त्याचा मला आजही राग येतो. त्या गृहस्थानंच तक्रार केली, इंदूविरुद्ध. काही दिवसांनी एका कचेरीतले निरीक्षक केंद्रात आले. "तुम्ही डॉक्टर नाही. परवाना दाखवा, नाहीतर पाटी उतरवा." इंदूनं त्यांना बसायला खुर्ची दिली. "परवाना हवाच आहे मला. अर्ज कुठे करू?" ते म्हणाले, "तुमच्या खात्यात." "माझं खातं कोणतं?" त्यांनी हातातली वही चाळली आणि मिटली. तिनं पदवी दाखवली. ते म्हणाले, हे शिक्षण झालं, परवाना नाही. "अगदी बरोबर," इंदू म्हणाली. "तेच तर मी सांगतेय." पाटी आठवड्यात उतरवण्याचं बजावून ते गेले. पाटी उतरली. दुसऱ्याच दिवशी नवी चढली, आधीपेक्षा मोठी. रंगाऱ्यानं तिला दोनदा विचारलं, ताई, असंच लिहू ना? तिच्यावर लिहिलं होतं: 'चालक इंदू कांबळे, वाचा व श्रवण विषयातील पदवीधर. डॉक्टर नाही. सरकारी परवाना नाही, कारण असा परवाना सरकार देत नाही. आम्ही तो मागत आहोत.' रस्त्यावरचे लोक थांबून वाचत. निरीक्षक पुन्हा आले, त्यांनीही रस्त्यावर उभं राहून वाचलं, आणि आत न येताच परत गेले.

ती खरंच मागत होती. मुलांच्या आईबापांना घेऊन आम्ही एसटीनं मुंबईला गेलो. पार्वतीबाई कडेवर शोभा घेऊन. मागणी साधी होती. या कामासाठी राज्यानं नोंदणी ठेवावी, शिक्षण तपासून परवाना द्यावा, चुकलं तर काढून घ्यावा. तिथल्या सरकारी कचेरीतले अधिकारी म्हणाले, "तुम्ही राज्यात आहात तरी किती? मूठभर माणसांसाठी कायदा करायचा?" इंदू म्हणाली, "आम्ही मूठभर आहोत म्हणूनच त्या लॉजवाल्याचं फावतंय. आणि कायदा आमच्यासाठी नकोच आहे, हिच्यासाठी हवाय." शोभा तेव्हा त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवण्यात गुंग होती. विचार करू, असं उत्तर मिळालं.

विरोध फक्त कचेऱ्यांतून झाला असता तर इंदूला सोपं गेलं असतं. पुण्यात हेच काम करणाऱ्यांची बैठक होती, तिथे तिच्याबरोबर शिकलेल्या एकानं तिला स्पष्टच सुनावलं, "अगं, आपल्याच गळ्यात दोर कशाला बांधून घेतेस? उद्या तपासणी येईल, फी येईल, एखादा आडमुठा साहेब तुझंच केंद्र बंद करेल." इंदू उभी राहिली. "करू दे. मी उद्या एखाद्या मुलाची चाचणी चुकवली, तर त्याच्या आईनं कुणाकडे जायचं? मला बंद करण्याचा हक्क कुणाला तरी असलाच पाहिजे. मला जाब विचारणारं कुणी नसेल, तर माझ्यात आणि त्या लॉजवाल्यात फरक काय?" टाळ्या वाजल्या नाहीत. चहा आला आणि लोक दुसरं बोलू लागले.

मग तिनं आईबापांनाच कायदा करून टाकलं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी स्वतःची उलटतपासणी घ्यायला लावायची. "मला विचारा, बाई, तुम्ही काय शिकलात? विचारा ना! लाजू नका." लोक लाजत, मग विचारत. भोसरीला त्या गृहस्थाचा कॅम्प लागला तेव्हा इंदूनं कुणाला पाठवलं नव्हतं, पार्वतीबाई आपणहून गेल्या. मांडवात रांग लागलेली. त्या सरळ पुढे झाल्या. "का रं भाऊ, तू शिकला कुठं?" तो म्हणाला, "मावशी, रांगेत या." "रांगेत येते, पर आदी सांग. आमची बाई सांगती. रोज सांगती. तुला सांगाया काय झालं?" रांगेतला एक कामगार म्हणाला, "सांगा की राव, मावशी विचारतायत." मग दुसरा म्हणाला. दुपारच्या आत मांडव रिकामा झाला. या भागात तो पुन्हा दिसला नाही. मी पेढे घेऊन इंदूकडे गेले तर ती रागावली. "पेढे कसले? तो संपला नाही, सरकलाय. आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात बसला असेल. तिथे पार्वतीबाई नाहीत."

कायदा तिच्या हयातीत झाला नाही. अजूनही, या १९८४ सालीही, नाही. शोभाला योग्य मशीन कानाला लावून घ्यायला वर्ष लागलं. आता ती शाळेत जाते, बोलणं अडखळतं, पण भांडताना मुळीच अडखळत नाही. इंदूच्या शोकसभेत, बुद्धवंदना झाल्यावर, पार्वतीबाईंनी सगळ्यांना बसवून ठेवलं आणि मुंबईच्या पुढच्या खेपेला कोण कोण येणार ते तिथेच विचारलं. हात वर झाले. पुण्याच्या बैठकीत तिला सुनावणारा, तिच्याबरोबर शिकलेला तो जणही मागे उभा होता. त्याचा हात उशिरा वर गेला, पण गेला.

परवा केंद्रात गेले होते. इंदूच्या हाताखाली तयार झालेली, मुंबईहून पदवी घेऊन आलेली मुलगी आता तिथे बसते. आतल्या खोलीच्या भिंतींना अजून गोधड्या खिळलेल्या आहेत. बाहेरचा आवाज अडावा म्हणून मुलांच्या आयांनी शिवून दिलेल्या, कुणाच्या लुगड्याच्या, कुणाच्या कंपनीच्या निळ्या कपड्यांच्या. पण रूळ इतके जवळ आहेत की गाडी आली की गोधड्यांचं काही चालत नाही. एका म्हाताऱ्या कामगाराची चाचणी सुरू होती. दुरून धडधड ऐकू आली आणि त्या मुलीनं, इंदू धरायची तसाच, हात वर धरला. चाचणी थांबली. पेन खाली. गोंगाटात अंदाजानं काही लिहायचं नाही. मालगाडी होती, लांबलचक. जमीन हलत होती, टेबलावरचा चष्मा थरथरत होता... मुंबईकडे चाललेला तो सगळा गलका भिंतीपलीकडून निघून गेला. शेवटचा डबा गेल्यावरही ती थोडी थांबली. मग हात खाली आला.

"हं, काका. पुन्हा पहिल्यापासून."