गुडघ्यांवरून पाहिलेली बाग

आमचे हे जन्माचे भित्रे. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, नवरा बागांचे नकाशे काढतो, घरात फुलंबिलं येत राहतील. फुलं कसली, घरात आली ती भीती. कपाटाचा कोपरा दिसला की यांना त्यावर आपटलेलं डोकं दिसायचं. शेगडीवरच्या भांड्याचा दांडा बाहेर आलेला असला तर जेवता जेवता उठून तो आत वळवायचे.

ऑफिसात यांना सगळे 'गुडघे' म्हणायचे. नवी बाग आखायची तर बाकीचे लोक चुन्याच्या फक्कीने रेषा मारून घरी जात. हे त्या रेषांवरून गुडघे टेकून रांगत फिरायचे. पोराला जग कुठल्या उंचीवरून दिसतं ते उभ्या माणसाला कळत नाही, असं यांचं म्हणणं. बाग बांधून झाली की पुन्हा एकदा तशीच फेरी. पँटी गुडघ्यांवर विरायच्या आणि ठिगळं लावायला मी होतेच. "देवाने पाय कशाला दिलेत मग?" असं मी विचारलं की नुसते हसायचे.

नोकरीतली शेवटची बाग आमच्याच इमारतीमागे आली. मोकळी जागा होती, लोक कचरा टाकायचे. बाग होणार म्हटल्यावर शेजारीपाजारी रोज दाराशी. एकाला झोके हवे, दुसऱ्याला झोक्यांची कुरकुर नको, तिसऱ्याला सावली हवी पण झाडाची पानं त्याच्या गाडीवर पडायला नकोत. हे सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, पण यांचा जीव अडकला होता तो एका कडेच्या उघड्या नाल्यात. तिकडे यांनी उंच जाळी काढली, आणि जाळीच्या आत दाट झुडपांची रांग.

बाग होत आली आणि यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यामुळे शेवटची फेरी यांनी काठी घेऊन उभ्यानेच मारली. घरी येऊन म्हणाले, "झुडपं छान दाट झालीत." मग अर्ध्या जेवणावरून उठले. "काहीतरी राहिलंय असं वाटतंय."

"तुम्हाला कधी नाही वाटत?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाग उघडायची होती. आमची नात, भिंगरी, दिवसभर आमच्याकडेच असते, लेक कामावरून सुटली की घेऊन जाते. नाव काहीही असो, एका जागी ठरत नाही म्हणून ती भिंगरी. त्या संध्याकाळी तिने घसरगुंडीसाठी भोकाड पसरलं. फाटकाची किल्ली यांच्याकडेच होती, तेव्हा आम्ही तिघं आत गेलो. ती घसरली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. यांची काठी पडली म्हणून ती उचलायला मी वाकले. वर पाहते तो घसरगुंडी रिकामी.

हाका मारल्या. बाकाखाली पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. एका नजरेत सगळं दिसावं अशी यांनी ती बाग आखलेली, आणि त्या एका नजरेत भिंगरी कुठेच नाही. फाटकाला कडी मीच लावली होती, म्हणजे बाहेर गेलेली नाही, असं मी मोठ्याने म्हणत होते. यांचं लक्षच नव्हतं. हे झुडपांकडे बघत होते आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

यांनी खाली बसायला पाहिलं. गुडघा वळेना. झोक्याच्या खांबाला धरून कसेबसे उभे राहिले. "मला जमत नाही गं. तू बस. तिच्या उंचीवर ये."

बसले. उभ्याने जी हिरवी भिंत दिसत होती ती खाली नव्हतीच. पानं सगळी वरच होती, खाली नुसते उघडे बुंधे. त्यांच्यामध्ये पोराने घरघर खेळावं अशी सावलीतली जागा, आणि पलीकडे उजेड. जाळीखालची नवी माती खचून लहान पोर सरपटत जाईल एवढा खड्डा पडला होता. खड्ड्याशी पिवळी चप्पल.

"काय दिसतंय?" यांनी विचारलं.

"चप्पल."

मी आत रांगत गेले. फांद्यांनी तोंड ओरबाडलं. खड्ड्यातून पाहिलं तर भिंगरी नाल्याच्या काठावर पाय सोडून बसलेली, पाण्यात ढेकळं टाकत.

"काठावर आहे," मी कुजबुजले. हाक अगदी ओठांवर आली होती.

"हाक मारू नकोस," मागून यांचा आवाज, अगदी हळू; काठी टेकत हे झुडपांपाशी आले होते. "पोरांना पकडापकडी वाटते, पळतात. तिच्याकडे बघूही नकोस. तुला काहीतरी सापडलंय असं कर."

मी हात खड्ड्यातून पुढे सरकवला, मूठ मातीवर ठेवली, मान खाली घातली. "अगं बाई, हे काय गं इथे? किती मऊ आहे."

ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ती उठली की घसरली, मला कळत नव्हतं, आणि वर बघायचं नव्हतं. तेवढ्या वेळात मी किती देवांना काय काय कबूल केलं, आता आठवतही नाही. मग इवलीशी बोटं माझी मूठ उघडायला लागली. मी ते मनगट असं धरलं की वळ उठला.

"आजीच्या हातात काहीच नाहीये," म्हणून ती आकांत करत होती. मी तिला खड्ड्यातून ओढून बाहेर आणली. हे बाकावर बसले होते. तिला जवळसुद्धा घेतलं नाही, झुडपांकडेच बघत राहिले.

"आपली सापडली," हे म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुणाची गेली असती, आणि तिची आजी उभी राहून हाका मारत बसली असती."

सकाळी यांनी फाटकाला कुलूप लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. पाहुणे आले, साहेब आले.

"कुणाची तक्रार आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याच. ती कड मी उभ्याने पाहिली."

जाळीखाली पक्की भिंत होईपर्यंत बाग उघडली नाही. शेजाऱ्यांनी महिनाभर तोंड वाकडं केलं.

आता तिथे संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. हे बाकावर निवांत बसतात, कधी डुलकीही काढतात. मला ते जमत नाही. यांची भीती मी इतकी वर्षं हसण्यावारी नेली, ती आता माझ्या मानगुटीवर बसलीय. भिंगरी घसरगुंडीमागे गेली की मी श्वास धरून बसते, ती दिसेपर्यंत.

हे निवृत्त झाले तरी ऑफिसातून बोलावणं येतं. परवा पलीकडच्या वस्तीत एका बागेची फक्की पडली होती. गुडघे टेकून मी पुढे, काठी टेकत हे मागे. काम करणारी पोरं तोंड फिरवून हसत होती.

"झालं का?" यांनी विचारलं.

"एक कोपरा राहिलाय," मी म्हटलं आणि परत वळले.

घरी आल्यावर गुडघ्यावर फाटलेले माझे कपडे आणि सुईदोरा यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून हे निमूटपणे ठिगळ लावत बसले.