राखेने घासलेल्या काचा

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, माझी सून, माझी नात नि शेजारची वैनी. मुलगा लोट्याला एमआयडीसीत कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, तो मागनं आला. नि फोनवर नातीचे सर. ते मुंबईत होते, पण त्या दिवशी आमच्या पडवीत बसल्यासारखेच होते, म्हणून त्यांनापण धरते. मी तिसरी शिकले. सही करते, बाकी लिहिणं जमत नाय. म्हणून हे मी बोलते नि सून लिहिते.

नात मुंबईला मोठ्या संस्थेत पाच वर्षं शिकत होती. कोणी विचारलं, "काय करते गो तुझी नात?" की मी सांगायची, "लेजरवर हाय." वाडीत सगळ्यांना वाटलं डोळ्याचं ऑपरेशन करते. एका गणपतीत ती आलेली, तर दोन म्हाताऱ्या मोतीबिंदू दाखवायला येऊन बसल्या. मीच त्यांना चहा दिला नि बोलले, "बसा, बघेल हां." मला तरी कुठं ठाऊक होतं? पाच वर्षांत तिला नीट विचारलंच नव्हतं. पोर अभ्यास करते, एवढं पुरे होतं.

आंब्याच्या दिवसांत ती दहा दिवस राहायला आली. वर्षाने आलेली. येताना एक डबी आणलीन, आत सहा काचा, काडेपेटीएवढ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या खिडकीत पांढऱ्या फडक्यावर मांडल्या, भिंगातनं बघून वहीत कायतरी लिहिलंन. मग ती नि सून वेळणेश्वराला दर्शनाला गेल्या. जाताना तिच्या आईला सांगून गेली, त्यांना कोणी हात लावू नका. ते आईला सांगितलंन, नि आई तर तिच्याबरोबरच गेली. मी मागीलदारी कोकमं वाळत घालत होते.

आत आले नि बघितलं तर काचा ह्या अशा मळक्या. चार काचांवर काळपट रेघा, बारीक बारीक, ओळीने. दोन काचा पिवळट पडलेल्या, जुन्या भांड्यासारख्या. मला वाईट वाटलं. पोर एवढी शिकलेली, नि सरांना अशा घाण काचा दाखवणार? लोक बोलतील हिला घरात काय शिकवलंच नाय.

घेतली राख, घेतला काथ्या.

आता राखेचं सांगायला पाहिजे. माझा नवरा बोटीवर खलाशी होता. एका पावसाळ्याच्या आधी गेला तो आलाच नाय. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. मी काजूच्या कारखान्यात लागले, अठरा वर्षं काजू फोडले. काजूच्या चिकाने हात भाजतात, कातडी सुटते. त्याला उपाय एकच, हाताला राख लावायची नि फोडायचे. घरी आलं की भांडी राखेने, कंदिलाची काच राखेने. माझ्या बोटांवरच्या रेषा त्या चिकात गेल्या. आधारच्या मशीनवर अंगठा उठत नाय, तो पोरगा दहा वेळा पुसतो नि बोलतो, "आजी, नीट दाबा." काय दाबू? असो. राखेने निघाली नाय अशी काच मी बघितली नव्हती.

त्या दिवशी बघितली. दोन पिवळट काचा एका हातात लख्ख झाल्या. पण त्या चार! घासते, धुते, उजेडात धरते, रेघ तिथंच. नखाने खरवडलं तर हाताला काय लागत नाय. परत घासलं. वैनी कुंपणाजवळ आली नि बोलली, "काय काकी, काच घासताय का उसाचा रस काढताय?"

तेवढ्यात त्या दोघी आल्या. नातीने माझ्या हातात बघितलंन, मग फडक्यावर बघितलंन. ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली.

"आजी, त्या दोन पिवळ्या होत्या ना?"

"होत्या. आता बघ कशा झाल्या."

"त्याच्यावर सोनं होतं गो."

"सोनं?"

"एकदम पातळ लेप. त्या सोन्यावर लेजरने काम केलेलं. गेलं ते."

मी पाणी ओतलेलं माडाच्या आळ्यात. वैनी लगेच बोलली, "आता तुमच्या माडाला सोन्याचे नारळ लागणार काकी. आमाला एक द्या हां." सून तिच्यावर डोळे वटारते नि स्वतः हसू दाबते.

मग नातीने सांगितलंन काय ते. लेजरच्या मशीनवर नंबर लागतो. तिचा पुढचा नंबर चार महिन्यांनी. त्याच्या आधी तिला सगळं लिहून द्यायचं होतं, कारण शिष्यवृत्ती संपत होती. त्या दोन काचा नसल्या तर शेवटचं प्रकरण अर्धं. नि तिचा बाप आधीच बोललेला, पाच वर्षं झाली, आता नाय झालं तर सोडून दे, लोट्याला कंपनीच्या लॅबमध्ये तुझ्या नोकरीचं सांगून ठेवतो.

मी बोलले, "फोन लाव सरांना."

"मी बोलते गो, तू राहू दे."

"घासलं कोणी? मी. मग बोलणार कोण?"

लावलान. सर पुण्याकडचे, बोलणं एकदम स्वच्छ.

मी बोलले, "सर, पोरीची चूक नाय. काचा मी धुतल्या. काय बोलायचं ते मला बोला."

"धुतल्या? कशाने, आजी?"

"राखेने. नि काथ्याने."

मग बोलले, "जोरात घासल्या?"

"मला हळू घासता येत नाय."

"बरं. मग रेघा गेल्या का?"

"चार काचांच्या नाय गेल्या. नख लावलं तर लागत नाय, नि दिसतात तर."

ते जे हसायला लागले! बोलले, "आजी, त्या रेघा काचेवर नाहीतच. काचेच्या आत आहेत. संध्याकाळपर्यंत घासल्या असत्या तरी गेल्या नसत्या."

"मग आधी सांगायचं नाय? माझा खांदा दुखला."

हसून झाल्यावर विचारलंनी, "सोन्याच्या दोन मात्र गेल्या?"

"गेल्या. माडाला घातल्या."

मग नाय हसले. बोलले, सोमवारपासून दुसऱ्या एका मुलीचा चार दिवस नंबर आहे, तिला विचारून बघतो, तासाभरात कळवतो.

तो तास काय जाईना. नात चुलीपुढे माझ्याजवळ येऊन बसली. मी विचारलं, "काचेच्या आत रेघ मारतेस कशी गो? वरची काच फुटत नाय?"

ती बोलली, उजेड भिंगाने आत एका टिपक्यावर गोळा करायचा. वर तो पसरलेला असतो, तिथं काचेला काय होत नाय. टिपक्यावर एवढा जोर येतो की तिथली काचच बदलते. नि तो उजेड क्षणभरपण नसतो. "एक सेकंद घे. त्याचे हजार तुकडे कर. त्यातला एक घे, त्याचे परत हजार. त्यातला एक घे..."

तिसऱ्या वेळेला मी बोलले, "अजून किती गो?"

"अजून दोनदा. असे थोडेसे तुकडे, तेवढाच वेळ उजेड. आजूबाजूच्या काचेला तापायला वेळच मिळत नाय."

मी चहाचं आधण ठेवत होते. एक निखारा बाहेर पडला, मी बोटांनी उचलून आत टाकला. मला सवय हाय. ती बघत राहिली.

"पोळलं नाय?"

"धरून ठेवला तर पोळेल. लगेच टाकला तर कशाला पोळेल?"

"आजी, मी पाच वर्षं हेच करते!"

मी बोलले, "मग एवढ्यासाठी मुंबईला कशाला गेलीस?" तेव्हा पहिल्यांदा हसली.

फोन आला. त्या मुलीने तिच्या चारातले दोन दिवस दिलेन. पण नव्या काचांवर सोन्याचा लेप चढवायला आदल्या दिवशीच पोचायला पाहिजे. म्हंजे दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. राहिलेले आठ दिवस गेले. सरांनी वर सांगितलंनी, त्या घासलेल्या चार काचापण आण, फेकू नकोस.

मुलगा कंपनीच्या बसने आला, सगळं ऐकलंन. मला वाटलं आता परत लॅबचं काढणार. तर तो बोलला, "आये, तू कधी माझं दप्तर नाय गो धुतलंस? माझी शाळा तरी बुडली असती." नि गुपचूप फणस फोडायला बसला, पोरीला गरे बांधून द्यायला.

सकाळी ती गेली. मी काय रडले नाय. जाणाऱ्याला डोळ्यांत पाणी दाखवू नये, ते मी बोटीच्या दिवसांत शिकले.

त्या दोन दिवसांत सोन्याच्या काचा परत झाल्या, सगळं वेळेत लिहून दिलंन. भाताची लावणी झाली त्या सुमाराला तिची तोंडी परीक्षा झाली. संध्याकाळी फोन आला. परीक्षा घ्यायला आलेल्या एका मोठ्या माणसाने काचा बघून विचारलंनी, ह्याच्यावर एवढे ओरखडे कसले? हिने खरं सांगितलंन, आजीने राखेने घासल्या. सगळे हसले. मग तोच माणूस बोलला, एवढं घासूनपण आतल्या रेघा जशाच्या तशा आहेत, ते प्रबंधात लिहिलंस का? लिहिलेलं होतं म्हणे, खाली बारीक अक्षरात. पास झाली. आता आणखी दोन वर्षं तिथंच काम करणार, पगारावर. बाप लॅबचं नाव काढत नाय.

त्या दोन म्हाताऱ्यांना मी आता सगळं समजावून सांगितलं, सेकंदाच्या तुकड्यांसकट. एक बोलली, "म्हंजे मोतीबिंदू नायच बघणार?"

तुमी हे वाचताय, तर एवढं करा. तुमच्या घरातलं कोणी लांब जाऊन काय शिकत असेल, कुठं काम करत असेल, तर ते घरी आल्यावर जवळ बसवा नि विचारा, तू दिवसभर नक्की काय करतेस. कळलं नाय तर परत विचारा. मी पाच वर्षं विचारलं नाय. तुमी आजच विचारा.