मागून घेतलेलं कातरण

तुम्ही ज्याच्या बाजूनं बोलता, त्याला ते बोलणं आधी कधी वाचून दाखवलंय का? अगदी खरं सांगा. मी शाळेत असल्यापासून पत्रकं लिहिते आहे. गेवराईच्या पेठेतल्या कितीतरी भिंतींवर ती माझ्या हातानं चिकटवली आहेत, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शेजारची सायराखाला वारल्यावर तो पडला. आता उत्तर द्यायला ती नाही, आणि तिनं जे काही मागं ठेवलंय ते मला नीट वाचता येत नाही...

मी अंबाजोगाईला कॉलेजच्या वाचनालयात बसले होते तेव्हा नसरीनचा फोन आला. नसरीन म्हणजे खालाची सून. "ताई, अम्मी गेली. चहा घेतला, मला सुई ओवून मागितली, आन बसल्या जागी मान टाकली." मी म्हणाले, "काय शिवत होती?"  नसरीन म्हणाली, "ते कावून विचारता आता?" मलाही कळलं नाही मी ते का विचारलं. एसटीनं गेवराईला पोचेपर्यंत दफन झालं होतं. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या मशीनवर कुणीतरी चादर टाकली होती.

आमची आणि खालाची, म्हणजे सायरामावशीची, भिंत एकच. तिचा नवरा मोटारी दुरुस्त करायचा. तो लवकर गेला आणि खालानं शिवणकामावर घर चालवलं. माझे वडील, आप्पा, शाळेत मास्तर आणि बाकी सगळा वेळ चळवळीचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. अक्षरओळख मला त्यातूनच झाली, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे आवाजही त्यातूनच चढला. दुपारी मी खालाच्या मशीनजवळ बसून ती पत्रकं मोठ्यानं वाचायची. खालाला मराठी लिपी येत नव्हती. ती ऐकायची, मध्येच दोरा दातानं तोडायची आणि म्हणायची, "एवढं वरडून कुणाला सांगायलीस पुढारीणबाई? मी हितंच हाय." गल्लीत मला पुढारीण म्हणायला तिनंच सुरुवात केली. पुढं सगळेच म्हणायला लागले.

कपडे शिवून झाले की जे तुकडे उरतात त्याला कातरण म्हणतात. बहुतेक शिंपी ते पोत्यात भरतात आणि विसरतात. खाला विसरायची नाही. तुकड्यातून ती चौकोन कापायची, चौकोन मधोमध दुमडायची, मग दोन्ही कोपरे खाली आणून त्याचा त्रिकोण करायची. असे चार त्रिकोण टोकाला टोक लावून मध्यभागी टाचायचे, त्यांच्या खाली दुसऱ्या रंगाचे आठ, त्याखाली आणखी आठ. बघता बघता कापडाचं एक दाट फूल व्हायचं. आत जुन्या टॉवेलचा थर, कडेनं तिरकी पट्टी. चुलीवरून भगुनं उतरवायची फडकी, वाटीखालच्या चकत्या, सुया टोचायची गादी, माठावरची झाकणं... कुठंही कापडाची कापलेली कड दिसायची नाही, सगळ्या कडा घडीच्या पोटात. मीही करून बघितलं. टेरिकॉटची घडी बोट काढलं की उघडायची. खाला हसायची. "ते कापड तुझ्यावाणी हाय. दाबून ठेवलं तर ठीक, न्हाईतर लगीच उठून बसतंय." मग पाण्याचा थेंब लावून, तांब्याच्या बुडानं दाबून ती घडी बसवून द्यायची. टेरिकॉट ती चुलीजवळच्या वस्तूत कधी घालत नसे, गरम भगुन्याला ते वितळून चिकटतं. ते माठाच्या झाकणाला. फडक्यांना फक्त सुती.

तिचा एक नियम होता. ज्याचं कापड त्याचं कातरण. गल्लीतल्या कुणीही ब्लाऊज शिवायला टाकला की ब्लाऊजबरोबर त्याच कापडाची एखादी छोटी वस्तू घरी यायची. मी कॉलेजला जायला निघाले तेव्हा माझ्या पहिल्या कुर्त्याबरोबरही एक गोल चकती आली. "ताटाखाली ठेव. दुसऱ्याच्या घरात आवाज करू न्हाई भांड्याचा." होस्टेल म्हणजे तिच्या लेखी दुसऱ्याचं घर.

आता त्या पत्रकाबद्दल सांगते. पेठेत शाळेचे गणवेश विकणारं एक दुकान आहे. नाव देत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका त्या दुकानाचे गणवेश घरी बसून शिवतात. मजुरी कमी होती आणि तीही वेळेवर नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. एका उन्हाळी सुट्टीत मी बायकांशी बोलून पत्रक लिहायला बसले. खालाच्या दारात दुकानातून आलेलं चिंध्यांचं पोतं होतं. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "कातरण. मालक देतो मला." तिच्या आवाजात कौतुक होतं, हे आज आठवतं. तेव्हा मला फक्त 'देतो' ऐकू आलं. मालक चिंध्या देतो. एवढ्यावरच माझं डोकं तापलं. गुलाबी कागदावर मोठ्या ठशात मथळा घातला, 'मजुरीऐवजी चिंध्या!' आणि खाली ओळ लिहिली, 'याच गल्लीतल्या सायराबाईंच्या हातावर मालक घामाच्या दामाऐवजी चिंध्या टेकवतो.' आप्पांनी वाचून पाठ थोपटली. खालाला मी ते वाचून दाखवलं नाही. जिच्याजवळ बसून मी सगळ्या जगाची पत्रकं वाचली, तिला तिच्यावरचं तेवढं वाचायचं राहिलं. गडबड होती म्हणून की मला गरज वाटली नाही म्हणून... माहीत नाही.

आम्ही पंधरावीस बायका दुकानावर गेलो. खाला आली नाही, तिला गुडघे दुखत होते. मालक पत्रक हातात नाचवत बाहेर आला. "आगं पोरी, ती बाई कातरण मागून नेती माझ्याकडनं! मजुरी येगळी देतो मी!" मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले, "मागायची वेळ कुणी आणली?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालक खोटंच बोलणार, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्यानं मजुरी वाढवली आणि वेळेवर द्यायचं कबूल केलं. आणि त्याच दमात सांगितलं, इथून पुढं कुणालाही कातरण मिळणार नाही, सगळं गॅरेजवाल्यांना ऑइल पुसायला जाईल. आम्ही पेढे वाटले. खालानं पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला आणि सुईवरची नजर न काढता म्हणाली, "लई मोठं काम केलंस."

हे वाक्य मी किती वेळा मनात वाजवून पाहिलं असेल. तेव्हा ते शाबासकी वाटलं होतं.

पुढच्या सुट्टीत तिनं विचारलं, "तुमच्या मोर्चाचं कापड नंतर काय करता गं?" मी म्हणाले, माळ्यावर टाकतो. "मांजरपाटच असतंय ना? आण हिकडं." मी आमचे जुने कापडी फलक नेऊन दिले. तिनं ते सोड्यात भिजवले, घासले, वाळवले. अक्षरं काही गेली नाहीत. "रंग लई पक्का लावता बाई तुमी. मजकुराचं काय न्हाई माहीत, रंग मातर पक्का." मग रंगाची बाजू आत घालून ती घड्या घालायला लागली. मला ते बोचलं. "खाला, आमच्या घोषणा लपवतेस तू." ती म्हणाली, "मग काय भगुन्याला वाचून दाखवू?" दोघी हसलो. कातरण का संपलं, असं मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

ती गेल्यानंतर आठवड्याभरानं आमच्या संघटनेनं गल्लीतच शोकसभा घेतली. बोलले मीच. आवाज चांगला लागला होता. 'चिंध्यांवर राबवलेली माय' असं म्हणाले आणि समोरच्या रांगेतून नसरीन उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेले तेव्हा जेवणं झाल्यावर नसरीननं मला आतल्या खोलीत बोलावलं. "ताई, तुमी लिहिता म्हणून सांगते. अम्मीला तुमी भिकारीण केलं. तवा कागदावर केलं, आन आता सभेत." मी म्हणाले, मी तर तिच्या बाजूनं... "आयका ना. मालक ते कातरण जाळायचा दुकानामागं. अम्मीनं जाऊन मागितलं, जाळतोस कावून, मला दे. मजुरी येगळी मिळायची तिला, कमी का होईना. कातरण तिनं मागून घेतलेलं हाय. पोरांच्या कपड्याचं कातरण पोरांकडंच जावं म्हणायची ती." मग तिनं सांगितलं ते मी स्वतः पाहिलेलं होतं आणि कधी जोडून पाहिलं नव्हतं. गणवेशाचं कातरण नेमकं कुठल्या पोराचं, हे कळायला मार्ग नाही. म्हणून खाला त्याची झाकणं करून शाळेच्या माठांवर नेऊन ठेवायची. निळ्या चौकड्याची, मध्ये पांढरं फूल असलेली. मीच त्या माठातलं पाणी पिऊन मोठी झाले. आता माठांवर स्टीलच्या ताटल्या आहेत.

मी विचारलं, "तिला माझं पत्रक कुणी वाचून दाखवलं होतं?" नसरीन म्हणाली, "मीच. त्याच दिवशी. दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं चिडंल. तर म्हणाली, जपून ठेव, पोरीनं लिहिलंय." मग तिनं मशीनचा खण उघडून एक कागद माझ्या हातात दिला. गुलाबी चौकोन. कापड कापताना वर ठेवून खडूनं आखायचा खाका असतो, तो. माझं पत्रक कापून खालानं त्याचा खाका केला होता. मथळ्याचे वरचे अर्धे ठसे कापले गेले होते, तिच्याबद्दलची ओळ मात्र पूर्ण शाबूत होती. कडा खडूनं आणि हाताळून मऊ झाल्या होत्या. ते पत्रक निघाल्यापासून तिनं शिवलेली प्रत्येक वस्तू या कागदाच्या मापानं कापलेली होती.

आता तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? तिनं तो कागद जपला की कापला? दुकानाचं कातरण माझ्यामुळं बंद झालं, आणि उरल्यासुरल्या कापडाला तिनं मापही माझ्याच कागदाचं लावलं. हा टोमणा होता? माया होती? की नुसता जाड कागद हाताशी होता? मी नसरीनला विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत ताई. मला मातर राग हाय." निदान एका माणसाचं तरी मला नीट कळलं.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "एक ओळ चुकली म्हणून पत्रक खोटं होत नाही. मजुरी वाढली की नाही?" वाढली. शेजारच्या बायकांच्या घरात त्याचा फरक मला दिसतो. "मग आता हे छापलंस तर मालक ते कापून दुकानात लावील. पुढच्या वेळी कोण येईल तुझ्याबरोबर?" हेही खरं आहे. रात्रंदिवस मी या दोन खऱ्यांच्या मधे आहे. मालकाची बाजू मी आजही घेत नाही. पण त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर तो एक वाक्य खरं बोलला होता आणि मी ते टाळ्यांत बुडवलं, हेही मला आता गिळता येत नाही. खाला जिवंत असती तर विचारलं असतं. तिनं काहीतरी टोचून सांगितलं असतं आणि मला पुन्हा कळलं नसतं, इतकंच.

एक मात्र कळतं. आमच्या गावात तिची आठवण 'चिंध्यांवर राबलेली बाई' अशी राहायला लागली आहे, आणि ती मी तयार केली आहे. पत्रकं परत घेता येत नाहीत. ती कुणाच्या फडताळात अंथरली गेली असतील, कुणाच्या कपाटात असतील, कुणी फोटो काढून पुढं पाठवली असतील. म्हणून गेवराईच्या आणि आसपासच्या वाचकांना एक विनंती आहे. मालकाला ती आवडली तर आवडू द्या. तुमच्या घरात ते गुलाबी पत्रक असेल तर आज शोधा. मजुरीबद्दलचा मजकूर तसाच ठेवा, तो खरा आहे. मथळा आणि सायराबाईंच्या नावाची ओळ तेवढी पेनानं खोडा आणि त्या ओळीवर आपल्या हातानं लिहा : कातरण त्यांनी मागून घेतलं होतं, शाळेच्या माठांसाठी. आणि लिहून झालं की घरातल्या ज्या कुणाला वाचता येत नाही, त्यांना ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.