शेणव्याच्या काकीची लॅम्पशेड

शेणव्याच्या काकीच्या घरात कुठलीच वस्तू आपापलं काम करत नसे. कोळशाची इस्त्री लोणच्यावर वजन म्हणून बसलेली, मोडकी छत्री उलटी टांगून तिच्यात लसूण, आणि ताकाच्या मडक्यावर मुलाची पाटी. ताकात अधूनमधून खडू लागायचा.

मी तेव्हा मुंबईला डिझाइन शिकत होतो. बांबूकामाच्या शिबिरासाठी आम्हाला शेणवे गावात घरोघर वाटून दिलं, त्यात मी काकीच्या वाट्याला आलो. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय येतं रे तुला?"

"चित्रं काढतो."

"बरं. आन् आनखी?"

हा तिचा ठेवणीतला प्रश्न. नव्या बैलाला आणि नव्या जावयालाही तिनं तोच विचारला होता म्हणे.

उत्तर मलाही हवंच होतं. मुरबाडला आमचं भुसारी दुकान. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिबिराला निघतानाच बजावलं होतं, "शेवटच्या दिवशी येतो. कामाचं काही केलेलं दिसलं तर पुढं शीक. नाहीतर दुकानात बस."

आधी कागदावर चित्र काढून, मग बोटं सोलून घेत मी बांबूच्या बारीक कामट्यांची, घुमटासारखी लॅम्पशेड विणली. शिबिराचे सर म्हणाले, "वा! प्रदर्शनात मधोमध ठेवू." मी तरंगतच घरी आलो.

"हिच्यात काय ठेवनार?" काकी.

"विजेचा दिवा."

"गावात वीज कुठं हाय?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग रॉकेलची चिमणी ठेवा."

"आन् घर पेटवू?"

शेवटच्या दिवशी सकाळी लॅम्पशेड गायब. शोधत परसात गेलो, तर ती उपडी घातलेली आणि आत कोंबडी.

"काकी, माझी लॅम्पशेड!"

"वराडू नको. अंड्यांवर बसलीय ती, आन् मुंगूस टपलंय. उठवलीस तर परत बसायची नाय."

मी हात घातला, कोंबडीनं टोचलं. सर आले, त्यांनी हात घातला, त्यांनाही टोचलं.

"अहो बाई, प्रदर्शनाची वस्तू आहे ती!"

"तुमचं परदर्शन सांजंला उठंल, सायब. हिचं अजून चालू हाय."

सर बोट चोखत गेले. मधोमध दुसऱ्याच कुणाची फुलदाणी बसली.

दुपारी अण्णा आले. मी तोंड लपवत होतो, पण काकीनं त्यांना थेट परसात नेलं. अण्णा उकिडवे बसले, अंगठ्यानं कामटी दाबून पाहिली.

"वारा खेळतो. मुंगसाचं तोंड शिरत नाही. कुणी केलं?"

"तुमच्याच पोरानं. हात सोलले बिचाऱ्यानं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "मग शीक."

लॅम्पशेड हा शब्द मी गिळला.

पुढं पोटापाण्यासाठी खुर्च्या, खोकी, पाट्या, काय वाटेल ते काढलं. नवी वस्तू हातावेगळी केली, की मागून कुणीतरी विचारतंच, "बरं. आन् आनखी?"

शेणव्यात वीज आली तोवर काकी गेली होती. मी खिशात बल्ब घालून गेलो. उंबऱ्यातूनच दिसली, आढ्याला टांगलेली, अगदी मी कागदावर काढली होती तशी. बल्बसाठी खिशात हात घातला. जवळ जाऊन वर पाहिलं, तर तोंडाला जाळं बांधलेलं आणि आत कांदे.

"सासूबाईंनीच टांगली," काकीची सून म्हणाली. "उंदीर पोचत नाय. काढू का, भाऊ?"

"राहू दे," म्हटलं, आणि बल्ब खिशातून तसाच परत आणला.